बोहो सजावटीत पॅटर्न मिसळायचे, पण माल अडकू द्यायचा नाही



दुकान सुरू केलं त्या पहिल्या दिवाळीआधी मी सव्वा लाखाचं कापड उचललं. बगरूच्या बुट्ट्या, सांगानेरची फुलं, कच्छचं अजरख, पोचमपल्लीचं इकत. एकेक ताका बघाल तर प्रेमात पडाल असा. उशांचे अभ्रे शिवले, मांडले. लोक यायचे, हात लावायचे, "छान आहे हो" म्हणायचे आणि निघून जायचे. दिवाळी संपली तेव्हा निम्म्याहून जास्त माल तसाच पडून होता आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जात होता.

एक दिवस एका ताईंनी सरळ विचारलं, "यातलं कशाबरोबर काय ठेवू, ते सांगा ना." मला सांगताच येईना! मी स्वतःच तो विचार केला नव्हता. मला जे आवडलं ते घेतलं होतं, एवढंच.

बोहो सजावटीचं सामान विकायचं असेल तर हे आधी डोक्यात पक्कं करा. गिऱ्हाइकाला एक सुंदर उशी कुठेही मिळते. त्याला भीती वाटते ती पाच वेगवेगळ्या उशा एकत्र ठेवण्याची. ती भीती तुम्ही काढलीत की पाचही विकल्या जातात. आणि ही जुळणी दुकानात मांडताना होत नाही, ती खरेदीच्या वेळीच करावी लागते.

मी आता एक रंग ठरवून निघते. समजा नीळ. मग तीन मापांचे पॅटर्न शोधते. एक मोठा, जो दारातून दिसेल, म्हणजे इकतचा मोठा चौकट-हिरा. एक मध्यम, अजरखसारखा, ज्यात नीळ असतेच. आणि एक इतका बारीक की लांबून जवळजवळ प्लेन वाटावा. यासाठी बगरूची छोटी बुट्टी चालते, आणि आपला खणही फार छान काम करतो. ब्लाउजच्या बाहेर त्याला आपण फारसं वापरतच नाही! तिन्ही पॅटर्न एकाच मापाचे असले की ते एकमेकांशी भांडतात. माझ्या पहिल्या मालात नेमकं तेच झालं होतं, सगळी फुलं मुठीएवढी.

इकत आणि ब्लॉक प्रिंट शेजारी का शोभतात, हेही सांगते. इकतमध्ये सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, त्यामुळे नक्षीची कड थोडी पसरलेली दिसते. ठशाच्या छपाईची कड त्यामानाने स्पष्ट असते. एक मऊ, एक ठाशीव, म्हणून डोळा थकत नाही. त्यात गोदडीसारखा धावदोऱ्याचा एखादा तुकडा टाकला की पोतही बदलतो.

आता एक गोष्ट, जिच्यावर माझे बरेच पैसे गेले. नक्षीचा रंग सगळे बघतात, जमिनीचा रंग कुणी बघत नाही. सांगानेरी कापडाची जमीन बहुतेक वेळा पांढरीशुभ्र असते, बगरूची मातकट किंवा सायीच्या रंगाची. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. शेजारी ठेवा, बगरू मळकं वाटायला लागतं. गिऱ्हाईक "हे धुतल्यावर निघेल ना?" असं विचारतं. त्यामुळे जमीन एकाच कुळातली घ्या. आणि कापड दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखीच दिसतात. मी तर फोनवर काळापांढरा फोटोही काढते. फोटोत सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर जुळणी फिकी आहे, एखादा गडद किंवा फिका तुकडा हवा.

पाच उशांत दोन प्लेन ठेवा. इथे हिशोबही आपल्या बाजूने येतो. १६ इंची अभ्र्याला शिलाईसकट १७ इंचांचा तुकडा लागतो. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात असे ४ तुकडे बसतात. (कापड आधी धुऊन घ्या, सुती कापड आटतं. आटल्यावरही ४ बसतात.) समजा प्रिंट २०० रुपये मीटर आणि प्लेन १२०. तुकडा पडला ५० आणि ३० रुपयांना. पुढे प्रिंट, मागे प्लेन, शिलाई आणि चेन ४५ रुपये धरली तर अभ्रा १२५ ला पडतो. दोन्ही बाजूंनी प्रिंट घेतलं तर १४५. चेन खालच्या कडेला लावा, म्हणजे उशी उलटीही ठेवता येते. घरी नेल्यावर गर्दी वाटली तर गिऱ्हाईक एक उशी उलटी करून प्लेन करून टाकतं. हे काउंटरवर करून दाखवा, सेट विकायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही.

प्रिंट ४-५ मीटरच घ्या. प्लेन मात्र सीझनभराचं एकदम, एकाच लॉटचं घ्या. दुसऱ्या लॉटमध्ये रंगाची छटा हमखास बदलते आणि प्लेनवर ती लगेच दिसते, प्रिंटवर खपून जाते. नीळ किंवा गडद लाल घेताना ओला पांढरा रुमाल घासून बघाच. रंग लागला तर ते कापड फिक्या सोफ्यावर जाणार नाही, हे विकताना स्पष्ट सांगा.

सेट फोडून मागणारे येतात. मी फोडून देते, दर थोडा जास्त लावून. सगळा माल एकाच रंगाभोवती असल्यामुळे उरलेल्या तीन उशा पुढच्या सेटमध्ये बसतात. पहिल्या वर्षी हेच जमत नव्हतं. त्यातल्या सांगानेरी फुलांच्या शेवटी बटव्या शिवून हळदीकुंकवाच्या वाणासाठी विकल्या, जवळपास पडत्या भावात. थोडं कापड अजून माळ्यावर आहे.