ओलावा संवेदकाची वायर तुटू नये म्हणून

ठिबकवरील कापूस-उसात बसविलेला ओलावा संवेदक बंद पडला तर आधी वायर पाहावी. ती बहुधा डबीत शिरते तेथेच तुटलेली असते. बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगावकडील भारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेली वायर ओढली जाते. त्यात कोळप्याचा हिसका निराळाच. हा ताण सोल्डरच्या जोडावर न येता डबीच्या भिंतीवर यावा.

वायर डबीच्या तळातून आत घ्यावी. छिद्र वायर जेमतेम जाईल एवढेच ठेवून कडा कानशीने घासाव्यात. आतून वायरीवर नायलॉनची टाय घट्ट आवळावी. तिचे डोके छिद्रात अडकते. टायपासून जोडापर्यंत वायर दोन बोटे सैल असावी. गाठ जागा खाते, शिवाय जाड वायरीतील तार गाठीत मोडते. केबल ग्लँड मिळाल्यास उत्तम, पण वायरीच्या जाडीचाच घ्यावा. नुसत्या सिलिकॉनवर विसंबू नये; ते पाणी अडवते, ताण नव्हे.

चरात वायर ताणून न टाकता नागमोडी टाकावी. झाकण लावण्यापूर्वी वायर बाहेरून ओढून पाहावी. आतील जोड हलला तर टाय पुन्हा आवळावी.