‘पाऊवाऊ’ म्हणजे काय? मीटिंगसाठी हा शब्द का टाळावा?

परदेशी क्लायंटच्या ई-मेलमध्ये ‘लेट्स हॅव अ क्विक पाऊवाऊ’ असं दिसलं, तर गोंधळू नका. अनौपचारिक इंग्रजीत याचा अर्थ ‘पटकन बसून बोलून घेऊ’ एवढाच. मात्र, उत्तरात तोच शब्द लिहिण्याआधी थांबा. हा शब्द मूळचा अमेरिकेतील आदिवासींचा. नॅरागॅन्सेट भाषेत तो विधी करून रोग बरे करणाऱ्या धर्मगुरूसाठी वापरत. १७व्या शतकात तो इंग्रजीत आला. आजही तिथल्या आदिवासींचे ढोल, गाणी आणि नृत्यांचे मेळावे याच नावाने भरतात. त्यामुळे ऑफिसातल्या बैठकीला ‘पाऊवाऊ’ म्हणणं अनेकांना खटकतं. त्याऐवजी सरळ ‘मीटिंग’, ‘चॅट’ किंवा ‘कॅच-अप’ लिहा. काम तेच होतं आणि कुणाचं मनही दुखावत नाही.