नामहीन नोंदी आणि आजीच्या आठवणी : अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबांचा वंशशोध

प्रस्तावना :
महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे मराठी अभ्यासकांस सुपरिचित आहे. ज्यांच्या मुक्तीचा हा गौरव होता, त्या माणसांची नावे त्यांच्या देशाच्या जनगणनेत सरसकट प्रथम लिहिली गेली ती त्यापूर्वी अवघ्या तीन वर्षांनी, १८७० मध्ये. ही बाब मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाही. दक्षिणेकडील एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाचा वंश शोधू पाहणारा अभ्यासक याच सालाशी येऊन थबकतो. त्यापलीकडे कसे जाता येते आणि त्या कामी दप्तर व आप्तांच्या आठवणी यांवर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८७० ची भिंत :
अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव नोंदविले जाऊ लागले. गुलामांसाठी मात्र १८५० व १८६० मध्ये वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण एवढेच लिहिले जाई. गुलामाचे नाव बहुधा नसेच. १८६० च्या मोजणीत असे ३९,५३,७६० लोक होते. म्हणजे पणजोबांचे वय एखाद्या ओळीत सापडू शकते, पण ती ओळ पणजोबांचीच हे त्या कागदावरून सिद्ध करता येत नाही.

१८७० नंतरचा मार्गही सरळ नाही. त्या वर्षी घरातील माणसांचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिले गेले नाही. ते १८८० पासून लिहिले जाऊ लागले. १८९० ची बहुतेक कागदपत्रे वॉशिंग्टन येथे १९२१ साली लागलेल्या आगीमुळे नष्ट झाली. त्यामुळे १८८० मधील लहान मूल १९०० मध्ये एकदम संसारी माणूस म्हणून समोर येते, आणि मधल्या वीस वर्षांतील विवाह, स्थलांतर, मृत्यू हे सारे अन्यत्र शोधावे लागते.

भिंतीपलीकडे जाण्यासाठी अभ्यासकास एक क्लेशदायक वळण घ्यावे लागते : स्वतःच्या पूर्वजांऐवजी त्यांच्या मालकाचा वंश शोधावा लागतो. माणूस ही मालमत्ता असल्याने त्याचे नाव मालमत्तेच्या कागदांत येते. मृत्युपत्र, मृताच्या मालमत्तेची यादी, खरेदीखत, तारणखत यांत गुरेढोरे आणि अवजारे यांच्या शेजारी माणसांची नावे व किंमती आढळतात. मालक कोण, हे मुक्तीनंतर घेतलेल्या आडनावावरून ठरविण्याची घाई पुष्कळजण करतात. ती टाळावी हे उत्तम. काहींनी शेवटच्या मालकाचे आडनाव लावले, काहींनी आधीच्या, तर काहींनी स्वतःच निवडले.

येथे दोन संग्रह विशेष उपयोगी पडतात. १८६५ ते १८७२ या काळातील फ्रीडमेन्स ब्युरो या सरकारी खात्याचे मजुरीचे करार व विवाहनोंदी हा एक. दुसरा १८६५ मध्ये स्थापन होऊन १८७४ मध्ये बुडालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेदारांच्या नोंदवह्यांचा. खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्यांत आईवडील, भावंडे, क्वचित जुना मालक व मळा यांचीही नोंद होई. हजारो गरिबांची ठेव बुडविणाऱ्या बँकेने त्यांच्या पणतवंडांसाठी एवढे मोठे दप्तर मागे ठेवावे, हा विचित्र योग म्हणावा लागेल.

आठवणींचे स्वरूप :
वृद्ध आप्त क्वचितच सन सांगतात. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली’ किंवा ‘दुष्काळात’ झालेला जन्म सांगितला जाई, तद्वत तेथे ‘तारे पडले त्या साली’ असे सांगितले जाई. तो उल्लेख नोव्हेंबर १८३३ मधील प्रचंड उल्कावर्षावाचा असल्याने अशी आठवण चक्क तारखेचा पुरावा ठरते. म्हणून आप्तांस ‘कोणत्या साली?’ असे विचारण्यापेक्षा ‘त्या वेळी काय घडले होते?’, ‘घरात त्यांना काय म्हणत?’ असे विचारणे अधिक फलदायी होय. टोपणनाव कळले नाही, तर जनगणनेतील माणूस समोर असूनही ओळखू येत नाही.

पॉली मरे यांचा ‘प्राउड शूज’ (१९५६) हा ग्रंथ या दृष्टीने मननीय आहे. १९५२ मध्ये ‘पूर्वीच्या संबंधां’चे कारण पुढे करून कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना एक पद नाकारले. आपले खरे पूर्वसंबंध म्हणजे आपले कुटुंब, या जाणिवेने त्या वंशशोधाकडे वळल्या. त्यांच्या आजीची, कॉर्नेलियाची, आई हॅरिएट ही नॉर्थ कॅरोलायनातील स्मिथ कुटुंबाची गुलाम, आणि वडील त्याच घरातील वकील सिडनी स्मिथ. हॅरिएटवर झालेल्या बलात्कारातून कॉर्नेलियाचा जन्म झाला. तरीही आजी आपल्या स्मिथ रक्ताचा अभिमान बाळगी. चॅपेल हिलच्या चर्चमधील १८५४ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र ती मेरी रफिन स्मिथ यांच्या मालकीच्या नोकर मुलांपैकी एक आहे. मेरी ही नात्याने तिची सख्खी आत्या. नोंद मालकी सांगते, नाते सांगत नाही. आजीची आठवण नाते सांगते आणि अत्याचाराकडे अभिमानाचा पडदा ओढून पाहते. मरे यांनी यांपैकी एकाही साक्षीदारास बाद केले नाही, हे मला त्या ग्रंथाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

याउलट उदाहरण ॲलेक्स हेले यांच्या ‘रूट्स’चे (१९७६). टेनेसीतील हेनिंग गावी आजी व तिच्या बहिणींकडून ऐकलेल्या कथा हा या ग्रंथाचा पाया होय. त्याने, आणि १९७७ मधील दूरदर्शन मालिकेने, असंख्य कुटुंबांना वंशशोधास प्रवृत्त केले, हे ऋण नाकारता येणार नाही. हेले यांच्या मते त्यांचा पूर्वज कुंटा किंटे १७६७ मध्ये ‘लॉर्ड लिगोनियर’ जहाजातून ॲनापोलिसला आला आणि व्हर्जिनियातील वॉलर कुटुंबाकडे ‘टोबी’ झाला. गॅरी मिल्स व एलिझाबेथ शोन मिल्स यांनी १९८१ मध्ये वॉलर कुटुंबाचे दप्तर तपासून दाखविले की, टोबी नावाचा गुलाम त्या जहाजाच्या आगमनापूर्वीच तेथे नोंदलेला होता. कथेतील नाव खरे असेल, पण त्या नावाच्या माणसाला त्या जहाजावर बसविणे हे दप्तरास मान्य नाही.

हेले यांच्या आजीने सांगितलेला टॉम मरे हा लोहार मात्र नॉर्थ कॅरोलायनातील अलामान्स काउंटीच्या १८७० च्या जनगणनेत पत्नी आयरीन व मुलांसह सापडतो. (पॉली मरे आणि हा टॉम मरे यांच्यात नाते मानण्यास अर्थातच केवळ आडनाव पुरेसे नाही.) आजीच्या स्वतःच्या आईवडिलांच्या पिढीबाबत आठवण दप्तराशी जुळते, शंभर वर्षे मागे गेल्यावर जहाज, साल व बंदर यांच्या बाबतीत तिचा आधार सुटतो.