जुन्या गाडीचा खरा भाव

दुपारचे ऊन उतरू लागले की शहराबाहेरच्या बायपासवर जुन्या गाड्यांच्या बाजारात हालचाल सुरू होते. मुरूम टाकलेल्या मोकळ्या जागेत सात-आठ गाड्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या असतात. एक पोऱ्या पाइप धरून त्यांची धूळ उतरवत असतो. पत्र्याच्या शेडवर ‘ऑटो कन्सल्टंट’ अशी पाटी असते. आत एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, किल्ल्या अडकवायचा बोर्ड आणि भिंतीवर दिनदर्शिका. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी असे चित्र दिसते.

दिनदर्शिका तिथे शोभेला नसते. मालक हिंदू असो की मुसलमान, अमावास्येला कोणी गाडी नेत नाही आणि पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, हे त्याला पाठ असते. रोजा असलेला मालकही टेबलाच्या खणात लिंबू तयार ठेवतो, कारण गाडी निघताना चाकाखाली ते लागणार असते. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आणि चंद्रदर्शन झाले की त्याच आठवड्यात ईद. पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून ग्राहकांची घाई, तर रमजान संपण्याआधी जकातीचा हिशेब पुरा व्हावा म्हणून मुस्लिम व्यापाऱ्याची घाई.

तो वही घेऊन रांगेच्या एका टोकापासून निघतो. प्रत्येक गाडीपाशी थांबतो आणि तिच्या नंबरापुढे एक आकडा लिहितो. या धंद्यातले सर्वांत अवघड काम तेच आहे.

आज विकली तर किती?

जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला गरजूंचा अडीच टक्के हिस्सा. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता ज्याच्याकडे एक चांद्रवर्ष राहते, त्याच्यावर ती बंधनकारक असते. राहते घर आणि स्वतःच्या वापराचे वाहन यांवर जकात नाही, पण विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या दारातली गाडी हिशेबात येत नाही. व्यापाऱ्याने तीच विकत घेऊन बायपासवरच्या रांगेत लावली की येते. जॅक, हवेचा पंप, टेबल-खुर्च्या हिशेबाबाहेर. ‘विकून द्या’ म्हणून कोणी आणून लावलेली गाडीही बाहेर, कारण ती दुसऱ्याची ठेव आहे.

माल खरेदीच्या भावाने मोजायचा नसतो. आज बाजारात जी किंमत येईल तिने मोजायचा, अशी रीत आहे. समजा, स्वतःच्या सात गाड्यांची आजची किंमत २२ लाख, हातात रोख २ लाख, ग्राहकांकडून येणे १ लाख आणि लोकांचे देणे ५ लाख. राहिले २० लाख. त्याचे अडीच टक्के म्हणजे ५० हजार रुपये.

गणित सोपे आहे, पण मन दोन्ही बाजूंनी ओढते. ग्राहक समोर असतो तेव्हा गाडी साडेतीन लाखांची असते. ‘काका, बघायचं कामच नाही, शोरूम कंडिशन आहे.’ जकातीच्या वहीत मात्र तीच गाडी तीन लाखांवर उतरवावीशी वाटते. मग तिचा क्लच आठवतो, झिजलेले टायर आठवतात, मागच्या दाराला बसलेला ठोका आठवतो. दोष तेच. एका ठिकाणी झाकले जातात आणि दुसऱ्या ठिकाणी मोजले जातात. गाडी तर एकच आहे आणि तिचा आजचा भावही एकच. वहीत जे आठवले ते ग्राहकाला सांगायला हवे, नाहीतर वही तरी खोटी ठरते किंवा जीभ तरी.

नफा घेतानाच

जुन्या गाडीचा नफा विकताना होत नाही, घेताना होतो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवले जाते. माल चार वाटांनी येतो. शोरूममध्ये एक्स्चेंजला आलेल्या गाड्या, हप्ते थकल्याने ओढून आणलेल्या गाड्यांचे लिलाव, दुसऱ्या गावचे व्यापारी आणि थेट मालक. थेट मालकाची गाडी सर्वांत चांगली, कारण तिचा इतिहास सांगणारा माणूस समोर असतो.

गाडी घेताना जाणता व्यापारी आधी बॉनेट उघडतो. बोल्टवरचा रंग खरवडला असेल तर तो भाग कधीतरी खोललेला आहे. काचांवरची वर्षे जुळत नसतील तर एखादी काच बदललेली आहे. टायरवरच्या चार आकड्यांतून तो कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळते. मग थंड इंजिन चालू करून धूर पाहायचा, रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग कुठे ओढते ते पाहायचे.

समजा, गाडी ३ लाखांना घेतली आणि साडेतीन लाखांना गेली. पाहणाऱ्याला पन्नास हजार सुटल्यासारखे दिसतात. त्यातून दोन टायर ९ हजार, डेंटिंग-पेंटिंग १० हजार, गाडी दाखवणाऱ्या मध्यस्थाला ५ हजार. त्यात कर. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्क्यांचा एकच दर ठरवला. त्याआधी लहान गाड्यांना तो १२ टक्के होता. नोंदणीकृत व्यापाऱ्याला हा कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरावा लागतो. पण दुरुस्तीचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही. म्हणजे पन्नास हजारांवर ९ हजार. हातात राहिले १७ हजार. त्यातूनच जागेचे भाडे, पोऱ्याचा पगार आणि विजेचे बिल. गाडी दोन महिने उभी राहिली तर बॅटरी उतरते आणि नफाही.

ओल्या धान्याची रास

एवढ्या थोड्या नफ्यात मोह लहान राहत नाही. मीटर मागे फिरवणे हा सर्वांत जुना मोह. एक लाख वीस हजार किलोमीटर चाललेली गाडी पंचावन्न हजारांवर आली की भाव लगेच चढतो. पण ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि चालकाच्या बाजूने बसलेली सीट मीटरप्रमाणे मागे जात नाहीत. सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीही तशाच राहतात.

दुसरा मोह पुराच्या गाडीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. असा पूर ओसरल्यावर विमा कंपन्या भरपाई देतात आणि बुडालेल्या गाड्या लिलावात निघतात. त्या धुऊन, सुकवून, नवीन सीटकव्हर घालून दूरच्या गावी विकता येतात. वरून काही दिसत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर गाळाची रेघ सापडते. मॅटखाली, सीटच्या पट्ट्यांवर गंज असतो. काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली की कुबट वास येतो. पुढे वर्षा-दोन वर्षांत वायरिंग दगा देते, आणि अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेल याची खात्री राहत नाही. दोष लपवणे इथे केवळ पैशांची फसवणूक उरत नाही.

हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. बाजारातून जाताना प्रेषित मुहंमद पैगंबरांनी (स.) धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानत नाही, असे बजावले. या प्रसंगात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धान्य विक्रेत्याने भिजवले नव्हते, पावसाने भिजवले होते. पाऊस पडला हा त्याचा दोष नव्हता. कोरडे धान्य वर पसरले हा होता. गाडी पुरात बुडाली यात व्यापाऱ्याची चूक काहीच नाही. गाळाची रेघ सीटबेल्टच्या आत गुंडाळून ठेवली की ती त्याची होते.

नाव बदलेपर्यंत

किल्ली दिली, पैसे घेतले, फोटो काढला की विक्री झाली, असे दोन्ही बाजूंना वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जाऊन आरसीवर नवे नाव चढेपर्यंत जुना मालकच मालक. कर्ज फिटलेले असले तरी फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो. परराज्यातली गाडी असेल तर ना हरकत दाखला लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधन आल्यापासून तिकडच्या स्वस्त गाड्या इकडे दिसतात. त्यांचा इथला कर आणि नवी नोंदणी झाल्याशिवाय ती स्वस्ताई खरी नसते.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हे स्पष्ट केले. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावरच ठेवली गेली. ज्याने गाडी कधीच विकून टाकली, त्याच्या दारात नोटीस. मधल्या व्यापाऱ्याचे नाव कुठेच नाही, कारण त्याने ती कधी स्वतःच्या नावावर घेतलीच नव्हती.

ही पळवाट बुजवण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकृत दाखला घ्यायचा, गाडी ताब्यात आली की फॉर्म २९ सीने ऑनलाइन कळवायचे, आणि पुढे विकेपर्यंत तोच मालक समजला जातो. चाचणी, दुरुस्ती किंवा तपासणीखेरीज ती गाडी त्याने रस्त्यावर काढायची नाही, आणि काढली तर फेरीची नोंद ठेवायची. लहान व्यापाऱ्याला हे कागदांचे ओझे वाटते. पण गाडी विकणाऱ्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला रात्री झोप लागते ती याच कागदांमुळे.

भाव पडतो तेव्हा

२२ सप्टेंबर २०२५ हा दिवस या बाजाराच्या लक्षात राहील. त्या दिवसापासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, ग्राहकाला आनंद झाला. पण ऑगस्टमध्ये जुन्या भावाने माल भरून बसलेल्या व्यापाऱ्याची रांगच्या रांग एका घोषणेने स्वस्त झाली. घोषणा ३ सप्टेंबरची, पुढे लगेच पितृपक्ष. ग्राहक म्हणू लागला, ‘शेठ, थोडे घालून नवीच घेतो ना!’

ज्यांनी व्याजाने पैसा उचलून माल घेतला होता, त्यांना रोज उभ्या गाडीचे व्याज भरावे लागले. व्याज टाळणारे काही व्यापारी भागीदारीत माल घेतात. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे कष्ट. नफा ठरलेल्या वाट्याने, आणि तोटा झाला तर भांडवल देणाऱ्याचे पैसे जातात, राबणाऱ्याचे कष्ट. अशा भागीदारीत तोटा बसला, पण तो वाढत गेला नाही. अर्थात सगळेच मुस्लिम व्यापारी व्याजापासून दूर आहेत असे नाही. अनेक ग्राहकांची गाडी कर्जावर निघते. फायनान्स करून दिल्याबद्दल मिळणारे कमिशन घ्यावे की नाही, हा प्रश्न उरतोच.

पडलेल्या भावाने एक गोष्ट मात्र शिकवली. खरेदीचा आकडा मनात धरून बसलेला व्यापारी गाडी विकू शकत नाही. आजची किंमत मान्य करणे हा जकातीच्या हिशेबाचा नियम आहे, आणि धंदा टिकवण्याचाही.

त्याच वहीत

मोठ्या कंपन्या आता मोबाइलवर जुन्या गाड्या विकतात, वॉरंटी देतात, घरपोच आणतात. बायपासवरच्या शेडकडे तेवढे काही नाही. त्याच्याकडे आहे ते गाव. ज्याला गाडी विकली तो माणूस आठवडी बाजारात भेटतो, लग्नात शेजारच्या पंगतीत बसतो, त्याची मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात असते. चांगली गाडी मिळालेला मेहुण्याला घेऊन येतो. फसलेला पुन्हा येत नाही, आणि गप्पही बसत नाही.

मगरिबला थोडा वेळ उरलेला असताना असेच एक कुटुंब येते. नवरा-बायको, सोबत म्हातारे वडील, आयुष्यातली पहिली गाडी. पांढरी गाडी मनात भरते. मुलगा विचारतो, ‘चाचा, काम काही नाही ना निघणार?’

टेबलावर खजूर आणि पाणी काढून ठेवलेले असते. वही शेजारीच उघडी असते. त्या नंबरापुढे सकाळीच ‘क्लच – ८ हजार’ असे लिहून भाव कमी केलेला असतो.

‘दादा, क्लचचं काम आहे. चार-सहा महिने चालेल, पण बदलावाच लागेल. आठ हजार त्याचे कमी करा. पाडव्याच्या आत नावावर करायचे कागद देतो.’

वडील गाडीभोवती एक फेरी मारून येतात. लगेच काही ठरत नाही. उद्या मेकॅनिक घेऊन येतो म्हणतात. अजान होते. मालक खजुराची ताटली आधी त्यांच्यापुढे करतो.