‘श्रद्धांजली’: दुसऱ्यांची गाणी, लताबाईंचा स्वर

एका गायकाने लोकप्रिय केलेले गाणे दुसऱ्याने नव्या वाद्यमेळासह पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तर पाश्चात्त्य संगीतव्यवसायात त्याला ‘कव्हर’ आणि आपल्याकडे ‘व्हर्जन’ म्हणतात. १९८०च्या दशकात टी-सीरिजने अशा व्हर्जन गाण्यांच्या स्वस्त कॅसेटी देशभर पोहोचवल्या आणि त्यांतून लता मंगेशकर यांची जुनी गाणीही नव्या गायिकांच्या आवाजात घरोघर वाजू लागली. त्यामुळे १९९२मध्ये खुद्द लताबाईंनी ‘श्रद्धांजली’ या संग्रहात कुंदनलाल सैगल, पंकज मलिक, गीता दत्त, मुकेश, मोहम्मद रफी, किशोरकुमार, हेमंतकुमार अशा दिवंगत गायकांची गाणी गायली, ही घटना विशेष लक्षणीय ठरते. १९४२च्या ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी गायलेले पहिले गीत पडद्यावर आलेच नव्हते. त्या आरंभाला आता पन्नास वर्षे होत होती, आणि सुवर्णमहोत्सवी टप्प्यावर स्वतःच्या गाण्यांचा उत्सव मांडण्याऐवजी त्यांनी समकालीनांचे आणि पूर्वसूरींचे ऋण मान्य केले.

यातील बहुतेक गाणी पुरुषकंठासाठी बांधलेली असल्याने त्यांची पट्टी, म्हणजे गायक ज्या स्वराला षड्ज मानून गातो ती उंची, बदलणे अपरिहार्य होते. पट्टी चढली की खर्जातील गंभीरपणा उणावतो. सैगल आणि हेमंतकुमार यांच्या गाण्यांचा निम्मा परिणाम तर त्या खर्जातच आहे. साठी ओलांडलेल्या लताबाईंनी ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या हरकतींचा आधार घेतला नाही, मूळ चालीला जवळजवळ धक्काही लावला नाही, आणि शब्दोच्चाराच्या स्वच्छतेवर व संयमावर सारी भिस्त ठेवली. म्हणूनच संथ, चिंतनशील गाण्यांत हा संग्रह फार उंची गाठतो. किशोरकुमारांच्या खेळकर लयीशी मात्र या आदरशील गायकीचे सूर तितके जुळत नाहीत. रफींचा समावेश अधिकच हृद्य वाटतो, कारण गायकांना रॉयल्टीत वाटा मिळावा या लताबाईंच्या मागणीला रफींनी साथ दिली नव्हती आणि त्यावरून १९६०च्या दशकात काही वर्षे दोघांनी एकत्र गाणेच थांबवले होते.

अशा ध्वनिमुद्रणाला १९५७च्या प्रताधिकार कायद्यात वाट होती: मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर दोन वर्षे लोटली की, हक्कधारकाला सूचना व रॉयल्टी देऊन, नवे मुद्रण करता येई. २०१२च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली. रंगमंचावरील गायनाला मात्र ही तरतूद लागू नाही, आणि गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना त्याचा अनुभव आपल्याच सुवर्णमहोत्सवी दौऱ्यात आला. २०१७मध्ये ते अमेरिकेत कार्यक्रम करीत असताना, परवानगीशिवाय आपल्या रचना गाऊ नयेत अशी कायदेशीर नोटीस संगीतकार इळयराजा यांच्याकडून आली. ती गाणी बालसुब्रह्मण्यम यांच्याच कंठाने घरोघर गेली होती. तरीही संगीतरचनेचा हक्क आणि गायकाची कीर्ती कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि त्यांनी त्या रचना वगळून दौरा पुढे नेला. २०१९मध्ये दोघे पुन्हा एका व्यासपीठावर आले. ‘श्रद्धांजली’मधील रफींशी मात्र लताबाईंची ही भेट त्यांच्या निधनाला बारा वर्षे झाल्यावर घडली.