विश्लेषण : ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’चा रस्ता प्रत्यक्षात गाठता येतो का?

प्रत्येक मित्रमंडळाचा एक तरी व्हॉट्सॲप ग्रुप असतो, ज्याचं नाव ‘स्पेन’ किंवा ‘लडाख’ असतं. त्यातले निम्मे अखेर लोणावळ्यावर समाधान मानतात. आमच्या इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवरही असाच एक ग्रुप होता आणि त्याचा जन्म लॅपटॉपवर पाहिलेल्या एका चित्रपटातून झाला होता. ‘दिल चाहता है’ (२००१), ‘थ्री इडियट्स’ (२००९) आणि ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) या तीन चित्रपटांनी एका पिढीला गाडी काढून निघायची ओढ लावली. चित्रपट पाहून ठिकाण निवडण्याच्या या सवयीला पर्यटन व्यवसायात ‘सेट-जेटिंग’ असं नावही आहे. पण पडद्यावरचा रस्ता आणि नकाशावरचा रस्ता यांत किती अंतर असतं?

स्पेनचा मार्ग आणि कॅलेंडर यांचा मेळ का बसत नाही?

झोया अख्तरच्या चित्रपटात तीन मित्र बार्सिलोनाहून निघतात. कोस्टा ब्रावाला स्कूबा डायव्हिंग, मग बुन्योल गावात टोमॅटोची लढाई, सेव्हिलला विमानातून उडी आणि शेवटी पाम्प्लोनात बैलांपुढे धावणं, असा क्रम आहे. अनेक जण हाच क्रम घेऊन ट्रॅव्हल एजंटकडे जातात.

अडचण तारखांची आहे. बुन्योलची ‘ला टोमाटिना’ दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी होते. पाम्प्लोनाचा सान फर्मिन उत्सव ६ ते १४ जुलै या काळात असतो आणि बैलांसोबतची धाव ७ जुलैपासून रोज सकाळी ८ वाजता होते. म्हणजे चित्रपटात आधी येणारा टोमाटिना प्रत्यक्षात सान फर्मिननंतर सुमारे सहा आठवड्यांनी येतो. एकाच सहलीत दोन्ही करायचे, तर क्रम उलटा करावा लागेल आणि रजा दीड महिन्याहून जास्त लागेल. अशी रजा देणारा बॉस चित्रपटातही दाखवलेला नाही.

अंतराचंही तेच. सेव्हिल दक्षिणेला, तर पाम्प्लोना उत्तरेला. मधला रस्ता नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. तो पडद्यावर एका गाण्यात संपतो, स्टिअरिंगमागे बसलेल्याला मात्र अख्खा दिवस लागतो.

चित्रीकरणासाठी टोमाटिना बुन्योलमध्ये मुद्दाम पुन्हा घडवून आणला होता. त्यासाठी पोर्तुगालहून सुमारे १६ टन टोमॅटो आणल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. चित्रपटाला स्पेनच्या पर्यटन यंत्रणेचं सहकार्य होतं, म्हणजे ही एका अर्थानं अडीच तासांची जाहिरातही होती. त्यात गैर काही नाही, जाहिरात सुंदर होती. फक्त तिला वेळापत्रक समजू नये. आता तर टोमाटिनात नुसतं जाऊन घुसताही येत नाही. २०१३पासून तिथे तिकीट लागतं आणि सहभागींची संख्या मर्यादित असते.

लडाखची गर्दी ‘थ्री इडियट्स’मुळेच वाढली का?

हा दावा इतक्यांदा केला जातो की तो तपासून पाहायला हवा. चित्रपट डिसेंबर २००९मध्ये आला. लडाखला २०१०मध्ये सुमारे ७८ हजार पर्यटक आले आणि २०११मध्ये ही संख्या १ लाख ७९ हजारांच्या घरात गेली. एका वर्षात दुपटीहून अधिक. आलेख पाहिला तर रँचोचाच विजय वाटतो.

पण २०१० हे वर्ष नेहमीसारखं नव्हतं. त्या वर्षी ५ ऑगस्टच्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला, रस्ते आणि पूल वाहून गेले. ऐन हंगामात पर्यटक थांबले. म्हणजे ज्या वर्षाशी तुलना होते, तेच वर्ष खाली ओढलेलं होतं. २०११मध्ये आलेल्यांपैकी काही जण आदल्या वर्षी बेत रद्द केलेले असणार. बुलेटवरून लडाखला जाण्याची हौस आणि फेसबुकवर पडू लागलेले फोटो हेही त्याच काळातले. चित्रपटाने पँगाँग तलावाचं नाव घराघरांत पोहोचवलं, हे खरं. सगळी वाढ त्याच्या खात्यावर मांडणं मात्र हिशेबाला धरून नाही.

तलावाच्या काठावर चित्रपटाचा परिणाम आजही डोळ्यांना दिसतो. करीना कपूरच्या पात्राची पिवळी स्कूटर आणि आमीर-शर्मन-माधवन बसतात तशा खुर्च्या तिथे फोटोसाठी मांडलेल्या असतात. एप्रिल २०२२मध्ये तर पर्यटकांनी तलावाच्या पाण्यातच गाडी चालवल्याचा व्हिडीओ व्हायरल झाला आणि मोठा संताप उसळला.

रँचोच्या शाळेचं काय झालं?

चित्रपटाच्या शेवटी दिसणारी शाळा हा सेट नव्हता. लेहजवळच्या शे गावातली ती द्रुक पद्मा कारपो शाळा. खरं तर ती चित्रपटाच्या आधीपासून तिच्या इमारतींसाठी नावाजलेली होती. कडाक्याच्या थंडीत सूर्याच्या उष्णतेवर वर्ग उबदार राहतील, अशी तिची रचना आहे. माझ्यासारख्याला हे वर्ग पाहायला जायला आवडेल. पर्यटक मात्र जात होते ते चतुरची फजिती होते ती भिंत पाहायला.

‘रँचो वॉल’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या या भिंतीसमोर फोटो काढायला रांगा लागू लागल्या. शाळा भरलेली असतानाही माणसं आवारात फिरू लागली. मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो आणि कचराही होतो, या कारणांनी ही गर्दी थांबवण्याचा निर्णय शाळेने २०१८मध्ये जाहीर केला. घोकंपट्टीविरुद्ध बोलणाऱ्या चित्रपटाच्या चाहत्यांमुळे एका शाळेला शांतपणे शिकवणं अवघड व्हावं, हे जरा चमत्कारिकच.

पडद्यावर न दिसणारी उंची

फरहान, राजू आणि चतुर दिल्लीहून शिमला, मनालीमार्गे लडाख गाठतात. वाटेत कुणाचंही डोकं दुखत नाही. इथे चित्रपट सर्वांत मोठी गोष्ट वगळतो.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण उंचीवरही सुमारे २१ टक्केच असतं, घटतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. सव्वाचार हजार मीटरवरच्या पँगाँगला तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो आणि वाटेतल्या चांग ला खिंडीत जेमतेम निम्मा राहतो. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो. तो दिला नाही तर डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं अशी लक्षणं दिसतात. दुर्लक्ष करून आणखी वर गेल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतते. व्यायामशाळेत कमावलेलं शरीर यातून वाचवेलच असं नाही. तरुण, धट्टेकट्टे लोक लक्षणं अंगावर काढतात म्हणून उलट जास्त अडचणीत येतात.

विमानाने लेहला उतरल्यावर पहिले ४८ तास विश्रांती घ्या, असं सांगतात ते याचसाठी. मनालीहून गाडीने जाणाऱ्यांनी सरचूचा विचार आधी करावा. अनेक जण तिथे मुक्काम करतात आणि ते ठिकाण लेहपेक्षाही बरंच उंच आहे. पाच दिवसांत लेह-नुब्रा-पँगाँग उरकणाऱ्या पॅकेजमधला तिसरा दिवस नीट वाचावा.

अलास्कातली बस का उचलावी लागली?

चित्रपटाची ओढ किती टोकाला जाऊ शकते, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. शॉन पेन दिग्दर्शित ‘इन्टू द वाइल्ड’ (२००७) हा ख्रिस मॅकँडलेस या तरुणाच्या खऱ्या प्रवासावर आधारलेला. घर, पैसा सोडून तो अमेरिकाभर भटकला आणि १९९२मध्ये अलास्कातल्या स्टँपीड ट्रेलवर पडून असलेल्या १४२ क्रमांकाच्या बसमध्ये राहिला. तिथेच वयाच्या २४व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

चित्रपटानंतर त्या बसकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढला. वाटेत टेक्लानिका नदी ओलांडावी लागते. मॅकँडलेसला परतू न देणारी हीच ती नदी. २०१० आणि २०१९मध्ये बसकडे निघालेल्या दोन तरुणी या वाटेवरच्या नद्यांत बुडून मरण पावल्या. २००९ ते २०१७ या काळात तिथे १५ बचाव मोहिमा झाल्या. अखेर १८ जून २०२० रोजी अलास्काच्या नॅशनल गार्डने चिनुक हेलिकॉप्टरने ती बस उचलून नेली. नंतर ती फेअरबँक्समधील विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे सोपवण्यात आली.

गंमत म्हणजे चित्रपटात दिसते ती बस ही नव्हेच. चित्रीकरणासाठी प्रतिकृती बनवली होती आणि ती हीली गावात रस्त्यालगत सहज पाहता येत होती. लोकांना मात्र खरीच हवी होती.

आणि आपला मुंबई-गोवा?

‘दिल चाहता है’नंतर बार्देशमधला शापोरा किल्ला अनेकांसाठी ‘दिल चाहता है किल्ला’ झाला. तटावर बसून समुद्राकडे पाठमोरा फोटो काढल्याशिवाय हल्ली तिथून कुणी उतरत नाही. त्या किल्ल्यापर्यंतचा रस्ता हा वेगळाच चित्रपट आहे. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११मध्ये सुरू झालं, म्हणजे ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी. हृतिक स्पेनला जाऊन आला, आता तो चित्रपट जुना म्हणून दाखवतात, आणि कोकणवासीय अजून गणपतीला निघताना पुण्यावरून जावं का, याची चर्चा करतात.

निघण्यापूर्वी काय तपासावं?

परदेशात गाडी चालवायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा लागतो. तो मिळण्यासाठी वैध भारतीय परवाना, पासपोर्ट आणि व्हिसा लागतो आणि तो एक वर्ष चालतो. स्पेनमध्ये गाड्या उजव्या बाजूने धावतात, तेव्हा पहिल्याच दिवशी चारशे किलोमीटर ठेवू नका.

गोव्यात गाडी किंवा दुचाकी भाड्याने घेताना नंबरप्लेट पाहा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या वाहनाची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीचं खासगी वाहन स्वस्तात मिळालं, तरी अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. लडाखमध्ये बाहेरून भाड्याने आणलेल्या बाइक पँगाँग, नुब्राकडे नेण्यास स्थानिक संघटनांचा विरोध असतो, त्यामुळे पुढच्या प्रवासासाठी लेहमध्येच बाइक घेतलेली बरी. मनाली-लेह रस्ता बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतो आणि साधारण मे-जूनमध्ये उघडतो. तारीख दर वर्षी बदलते, म्हणून हॉटेलचं आगाऊ बुकिंग परत मिळणारं असावं. पाम्प्लोनात धावायचंच असेल, तर वय १८ पूर्ण हवं. तिथल्या धावेत १९१०पासून १६ जणांचा मृत्यू झाला आहे, अगदी अलीकडचा २००९मध्ये. बहुतेक पर्यटक ती धाव भाड्याच्या बाल्कनीतून पाहतात.