सरकीवरची लव आणि प्लास्टिक

वेचलेला कापूस जिनिंगमधून गेला, की रुई वेगळी होते आणि सरकीला चिकटलेली आखूड लव मागे राहते. मुंबईत माटुंग्याला, 1924 साली सुरू झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत या लवेपासून नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू, तयार करणारा प्रायोगिक कारखाना आहे.

धुऊन स्वच्छ केलेली ही लव म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याच्या स्फटिकाचा ताठपणा सुमारे 138 गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. घनता मात्र पोलादाच्या पाचव्या हिश्शाएवढी. वनस्पतीत हे बळ आयतंच असतं. ते मोकळं कसं करायचं, एवढाच प्रश्न.

त्याचं एक उत्तर दुधाच्या धंद्यातून आलं. अमेरिकेतल्या रेयॉनियर कंपनीत टरबॅक आणि सहकाऱ्यांनी लाकडाचा लगदा दूध एकजीव करणाऱ्या होमोजिनायझरमधून काढला; 1983 साली ते काम प्रसिद्ध झालं. प्रचंड दाबाखालचा लगदा अरुंद फटीतून सुटला, की दाब एकदम उतरतो आणि धागा उभा चिरत जातो. अनेक फेऱ्यांनंतर हाती येते ती पांढुरकी जेली. तिच्यात तंतू जेमतेम दोन टक्के, बाकी सगळं पाणी. तरी भांडं उपडं केलं तर ती सांडत नाही. वीज मात्र बेसुमार लागते. 2006 मध्ये टोकियो विद्यापीठातल्या साइतो आणि इसोगाई यांनी तंतूंवर आधी रासायनिक प्रक्रिया करून विद्युतभार चढवला. तंतू एकमेकांना दूर लोटू लागले आणि थोड्याच कष्टांत तीन-चार नॅनोमीटर जाडीपर्यंत सुटे झाले.

खरी अडचण याच्या पुढची, हे तंतू प्लास्टिकमध्ये मिसळून ते बळकट करायचं तेव्हाची आहे. तंतूंना पाणी प्रिय, पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकला पाण्याचं वावडं. जेली वाळवली तर तंतू पुन्हा घट्ट चिकटतात, आणि प्लास्टिकमध्ये अशा गुठळ्या गेल्या तर ते उलट ठिसूळ होतं. म्हणून ताकदीचे आकडे सांगणाऱ्याला मी आधी विचारते, मिसळलं कसं? क्योतो विद्यापीठातल्या हिरोयुकी यानो यांची रीत मला म्हणूनच फार आवडते. त्यांनी लगद्याचा पृष्ठभाग आधी प्लास्टिकशी जुळेलसा केला, मग तो दोन स्क्रूंच्या यंत्रात वितळत्या प्लास्टिकबरोबरच मळला. तंतू सुटे होतात ते तिथेच, जेली वाळवायची वेळच येत नाही. त्यांच्या पुढाकाराने झालेली, अशा तंतूंचे भाग वापरलेली मोटार 2019 च्या टोकियो मोटार शोमध्ये मांडली होती.

मात्र दहा टक्के तंतू घातले म्हणून उरलेलं नव्वद टक्के पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही. त्याला ‘हिरवं प्लास्टिक’ म्हणू नये. गाडी हलकी होते, इंधन वाचतं, तेवढंच श्रेय त्याला द्यावं.